पंधरा दिवस वसतिगृहात

मी सहा वर्षांची असताना आईवडिलांनी मला दादरच्या एका अंध मुलींच्या वसतिगृहात आणून सोडलं. तिथून मी बाहेर पडले ती चोविसाव्या वर्षी, बँकेत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागल्यावर. लालबागला एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, वसतिगृहातल्याच एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली. चार वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं, ती नाशिकला गेली आणि मी एकटी राहू लागले. लोक विचारतात, "एकटीला जमतं?" जमतं. घासाघीस करून भाजी आणते, हाताने चाचपून चिरते, कपात बोट घालून चहा ओतते. पाहुण्यांच्या कपात घालत नाही, एवढं सांगून ठेवते.

गेल्या वर्षी मला चिकनगुनिया झाला. ताप उतरला, पण सांधे असे धरले की काठी मुठीत राहीना आणि गॅसचं बटण फिरेना. दीड दिवस मी बिस्किटं आणि पाण्यावर काढला. शेजारच्या काकूंना हाक मारली असती तर त्या धावत आल्या असत्या. पण मी मारली नाही. "आपलं आपण" हे मी जरा जास्तच मनावर घेतलं होतं.

तिसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या बाईंना व्हॉट्सअॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. सहज, वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला. तासाभरात बाई टॅक्सी घेऊन दारात.

"हा काय आवाज आहे तुझा? ऊठ. कपडे कुठे आहेत?"

या बाई म्हणजे आमच्या अधीक्षिका. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून त्या तिथेच, जिन्याजवळच्या खोलीत राहतात. त्यांच्यापुढे 'नको' म्हणायची सवय आमच्यापैकी कुणालाच नाही.

खोटं कशाला बोलू, वसतिगृहात मला फार बरं वाटलं. सकाळी गरम पाण्याची बादली भरलेली. समोर ताट येई, त्यात मऊ भात, वर मेतकूट. कपडे धुऊन, घडी होऊन उशाशी. आठ दिवसांत मी चालायला लागले. दहाव्या दिवशी बाई माझ्या कॉटवर येऊन बसल्या.

"वरची कोपऱ्यातली खोली रिकामी आहे. तू परत ये. बँकेत इथूनच जा. संध्याकाळी मुलींना फोन वापरायला शिकव, आम्हाला कुणीतरी हवंच आहे."

"बाई, मला आता बरं आहे."

"आता आहे. पुढच्या वेळी? मी शुभेच्छांवरून ओळखलं म्हणून. नसतं ओळखलं तर?"

मी चार दिवस मागून घेतले.

दोन दिवस मी जवळजवळ 'हो'कडेच झुकले होते. दादरहून बस सोपी, शिवाय स्वयंपाकाची कटकट संपणार. तिसऱ्या दिवशी दुपारी वडापाव खावासा वाटला म्हणून काठी घेऊन फाटकाशी गेले. वॉचमन नवा होता.

"मॅडम, पास?"

"मला कसला पास?"

"बाहेर जायचा. बाईंची सही लागते."

मी चौतीस वर्षांची. रोज दोनशे लोकांना "कृपया होल्ड करा" म्हणून थांबवून ठेवणारी बाई. आणि गंमत म्हणजे, मी एक शब्द न बोलता वळले आणि सही आणायला निघाले! पाय आपोआप निघाले. अर्ध्या जिन्यात भान आलं, तशी मी कठडा धरून एकटीच हसत सुटले. हसू ओसरल्यावर मात्र जरा भीती वाटली. पाय इतक्या लवकर कसे विसरले?

त्या संध्याकाळी एक चौदा वर्षांची मुलगी माझ्या कॉटवर येऊन बसली. तिला सगळं जाणून घ्यायचं होतं.

"ताई, तुमच्याकडे जेवायला काय करायचं ते कोण ठरवतं?"

"मीच."

"रोज?"

"रोज. तीच सगळ्यात मोठी डोकेदुखी आहे."

"आणि काहीच केलं नाही तर?"

"तर उपाशी. नाहीतर खाली जाऊन भुर्जीपाव."

"भुर्जीपाव!" ती इतक्या हळू म्हणाली की जणू देवाचं नाव. मग म्हणाली, "मग तुम्ही इथे परत कशाला येताय?"

तिच्याकडून उत्तर मिळालं असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर माझ्या तोंडून 'हो' निघणं शक्य नव्हतं.

सकाळी बाईंना सांगितलं. त्यांनी माझे कपडे पिशवीत भरायला घेतले. मग, "ठीक आहे. पण आजारी पडलीस तर मला फोन करू नकोस," म्हणाल्या आणि मेतकुटाची बरणी स्वतः माझ्या पिशवीत कोंबली.

लालबागला पोचले, कुलूप काढलं, आत पाऊल टाकलं तर फिनाईलचा वास. काकूंनी माझ्यामागे घरमालकाकडून किल्ली घेऊन सगळी खोली लखलखीत केली होती. माझी प्रत्येक वस्तू जागेवरून हलली होती. मी हौसेने चहा टाकला, पहिला घोट घेतला आणि मोरीकडे धावले. मिठाच्या डब्याला मी रबरबँड लावते, साखरेच्या डब्याला नाही. काकूंनी डबे घासताना सगळे रबरबँड काढून टाकले होते.

माझा आवाज ऐकून काकू आल्या. मालवणच्या त्या, घाबरल्या की गावची बोली बाहेर पडते.

"काय झालां गो बाय?"

"काकू, चहात मीठ."

"अरे देवा! माका वाटलां, तू येशीत तेव्हा घर कसां चकचकीत दिसूक व्हयां."

मला राग आला होता, पण त्या इतक्या कष्टी झाल्या की तो टिकेना. आम्ही दोघी फडताळापुढे मांडी घालून बसलो. मी जागा सांगत गेले, त्या डबे लावत गेल्या. "तिखट डावीकडे, खालच्या फळीवर. तांदूळ मोरीजवळ नको, काकू, तिथे ओल येते." दोन तास गेले. शेवटी मी उठून माझी दुसरी किल्ली त्यांच्या हातात दिली. मैत्रीण गेल्यापासून ती किल्ली पेटीत पडून होती. कुणाला द्यायची म्हणजे मला हरल्यासारखं वाटायचं. काकूंनी ती लगेच पदराच्या गाठीला बांधली आणि म्हणाल्या, "सकाळी साडेसातपर्यंत तुझां दार उघडलां नाय, तर मी येतलंय." असा करार झाला. तो आजवर दोनदाच वापरावा लागलाय, दोन्ही वेळा मी नुसती झोपले होते.

महिन्याभराने, रविवारी, बाई आल्या. बरोबर ती चौदा वर्षांची. तिला मी कांदा चिरायला बसवलं. बाई मात्र स्टुलावर अवघडून बसल्या आणि प्रश्न विचारू लागल्या. एकटीला तांदूळ किती लावतेस? गॅस संपला तर? भाजी रोज आणतेस का? मला वाटलं, अजून तपासणी चाललीय. मी जरा तुटकपणेच उत्तरं देत होते.

मग त्या हळूच म्हणाल्या, "मार्चमध्ये मी रिटायर होतेय. पुतण्या डोंबिवलीला बोलावतोय. चांगला आहे तो." आणि थोड्या वेळाने, "तीस वर्षांत मला स्वतःच्या घराची किल्ली नव्हतीच कधी."

मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. इतकी वर्षं आमच्या पासावर सह्या करणाऱ्या बाईंना कुठे जायचं तर विचारायचं कुणाला, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

"अर्धी वाटी," मी म्हटलं. "एकटीला अर्धी वाटी तांदूळ पुरतात, बाई."

बाई डोंबिवलीला गेल्या नाहीत. ठाकूरद्वारला एका वाडीत खोली घेतली. वसतिगृहाचं जेवण त्यांनी तीस वर्षं चाखून पास केलं, पण स्वतः कधी रांधलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात रोज फोन. "डाळ शिजली हे तुला न बघता कसं कळतं?" एकदा तर नुसतंच, "मी आता चौपाटीला फिरायला निघालेय," एवढं सांगायला.

मागच्या रविवारी त्यांनी मला पोहे खायला बोलावलं. पोहे खालून करपलेले, वरून कोरडे.

"कसे झालेत?"

"वाईट झालेत, बाई."

"असू देत," त्या म्हणाल्या आणि माझ्या बशीत आणखी वाढले.