शैलेश कोळी, प्रोफेशनल

वजन म्हणजेच कर्तृत्व असं मानणारा एकच माणूस मी पनवेलच्या कोळीवाड्यात पाहिला, तो शैलेश. कबड्डीच्या वजनमर्यादेत कसाबसा बसणारा ऐवज. आई ठमाबाई मासळी बाजारात कोळंबी विकायची आणि त्याच कोळंबीवर हे धूड पोसलेलं. पण तिच्या डोक्यावरची पाटी उतरवायला हा कधी पुढे झाला नाही. खेळाडूनं खांदे जपायचे असतात म्हणे!

कबड्डी मात्र चांगली खेळायचा. मंडळाच्या संघाला मीच शिकवायचो, त्यामुळे हे नाइलाजानं कबूल करतो. डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा. चढाईला आलेल्याचा घोटा त्याच्या हाती लागला की सुटका नाही. २०१२ साली रेल्वेच्या खेळाडू कोट्यातल्या भरतीसाठी त्याला आणि उजव्या कोपऱ्यातल्या कल्पेशला चाचणीचं बोलावणं आलं. ठमाबाईनं ते ऐकलं, हात पदराला पुसले आणि मला म्हणाली, "मास्तर, याला नोकरी लागली का मी बाजारातनं उठनार. कंबर नाय रायली आता."

नेमकी तेव्हाच कुठलीशी कंपनी अमेरिकन फुटबॉलची लीग काढायला निघाली. त्यांनी शैलेशची धाव बघितली नाही, पकड बघितली नाही. वजनकाट्यावर उभा केला आणि घेतला. पद काय, तर डिफेन्सिव्ह लाइनमन! समोरच्या गड्यांची भिंत फोडून आत घुसायचं आणि चेंडूवाल्याला लोळवायचं, एवढंच काम. सामने परदेशात, आणि विमान रेल्वेच्या चाचणीच्या आदल्या दिवशी.

मी त्याच्या घरी गेलो. म्हटलं, आधी नोकरीचं बघ.

"मास्तर, कबड्डी मातीतला गेम आहे. आपण आता प्रोफेशनल," तो आरशात दंड बघत म्हणाला.

ठमाबाई दारात बोंबील साफ करत होती. तिनं विचारलं, "बाला, ती लीग किती वरसं चालनार हाय?" त्यानं तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तेव्हाच त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली मला.

तो गेला आणि एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागला: 'पनवेलचा ढाण्या वाघ'. वाघाच्या डोक्यात हेल्मेट, तोंडावर जाळी. आत कोण आहे ते देवाला ठाऊक. शुभेच्छा देणाऱ्या पुढाऱ्याचा चेहरा तेवढा धुतल्यासारखा स्वच्छ.

पहिला सामना मंडळाच्या टीव्हीवर लावला, ठमाबाईलाही बोलावलं. चेंडू खेळात आला, बाकीचे गडी मुसंडी मारून घुसले आणि आमचा वाघ रेषेपाशी थबकला. गुडघे वाकवून, हात पसरून, समोरचा आपल्या अंगणात येईल म्हणून वाट बघत राहिला. कबड्डीत बचाव करणारा मध्यरेषा ओलांडत नाही, ते याच्या हाडात मुरलेलं. इकडे चेंडूवाल्यानं आरामात हवा तिथे चेंडू फेकला. पुन्हा तेच, पुन्हा तेच. शेवटी त्यांच्या गोऱ्या प्रशिक्षकानं टोपी जमिनीवर आपटली आणि त्याला बाकावर बसवलं. मंडळातली पोरं हसून लोळत होती.

"त्यांच्यान माजा कोनता?" ठमाबाई विचारत होती. मग तीच म्हणाली, "तो नुसता उबा हाय, तो ना?"

परत आल्यावर शैलेशसाहेब म्हणाले, ती स्ट्रॅटेजी होती. लीगचा दुसरा मोसम झालाच नाही. कंपनीचा फोन लागेना. तरी हा हेल्मेट काखेत मारून खांदा कॉलनीतल्या जिमची उद्घाटनं करत हिंडला. तेवढ्यात रेल्वेच्या भरतीचं वयही उलटलं. कल्पेश केव्हाच तिकीट तपासनीस झाला होता.

मग २०१४ साली कबड्डीच दिव्यांच्या झगमगाटात टीव्हीवर आली, आणि कल्पेशही त्यात दिसला. शैलेश मंडळात बसून नाक मुरडायचा, "ही काय पकड झाली?" मी म्हटलं, मग जा की, चाचणी दे.

"पोरासोरांच्या रांगेत उभा राहू?" तो म्हणाला.

आता तो कर्नाळ्याच्या वाटेवरच्या एका बारच्या दारात बाउन्सर म्हणून उभा असतो, गाडीतून उतरणाऱ्या कोणालाही सलाम ठोकतो. मला पाहिलं की मान फिरवतो. फिरवू दे.

गेल्या रविवारी मासळी बाजारात गेलो. ठमाबाई तिथेच बसलेली, आणखी वाकलेली. समोर शैलेशचं हेल्मेट उलटं मांडून त्यात करंदी, म्हणजे बारकी कोळंबी, भरलेली. कानांच्या भोकांतून पाणी निथळत होतं. कॉलनीतली एक बाई थांबली, खाली वाकून बघू लागली.

"मावशी, हे काय आहे हो?"

"ती माज्या पोराची नोकरी," ठमाबाई म्हणाली. "करंदी किती देऊ?"