रिटर्न

इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून मी घरी आले, तेव्हा वडिलांनी कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर मला नीट सांगता आलं असतं का, कोण जाणे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

विसरवाडीजवळ हायवेला आमचं पंक्चरचं दुकान आहे. मागची जमीन रस्ता रुंद करताना गेली. मोबदल्याची वडिलांनी बँकेत ठेव केली. मुद्दल जमिनीचं, त्याला हात लावायचा नाही. व्याज माझ्या शिक्षणाचं, असं त्यांनी ठरवलेलं. ठेव अजून पिकायची होती. पण नंदुरबारला बी.एस्सी.ला नाव घालायचं तर फी आत्ताच हवी, म्हणून ती मोडली.

मुदतीआधी मोडली म्हणून व्याजाचा दर कमी झाला. उरलेल्यातून कर कापला. नेमके तेवढेच पैसे फीला कमी पडले.

"पण आमचं उत्पन्न करात बसतच नाही," मी म्हणाले.

"मग कर कापू नये म्हणून पंधरा-जी फॉर्म द्यायचा होता," बँकेच्या खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या. "एप्रिलमध्ये कळवलं होतं."

कळवलं होतं, हे खरं. बँकेचा मेसेज वडिलांनी फोनवर मला वाचूनही दाखवला होता. तेव्हा मी होस्टेलवर नापासाचा निकाल घेऊन बसले होते. "नंतर भरू," मी म्हणाले आणि विसरून गेले. घरात फॉर्म भरणारी मी एकटीच.

"काका, रिटर्न भरा. कापलेले पैसे परत येतील," मॅडम म्हणाल्या.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "तू ते रिटर्न उनीच शे. आते आखो कसानं रिटर्न भरानं?"

मी परत आलेच होते, आता आणखी कसलं रिटर्न, हे ऐकून मागच्या रांगेतला एक जण हसला. मला हसू आलं नाही.

मॅडमनी समजावलं, पण रिटर्न मार्च संपल्यावरच भरता येतं. आमच्याच पैशांसाठी पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं, आणि प्रवेशाची शेवटची तारीख होती शनिवार.

तिथून आम्ही थेट नंदुरबारच्या कॉलेजात गेलो. क्लार्क म्हणाले, फी हप्त्याने भरायची तर अर्ज द्या, कारण लिहा. मी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी लिहिलं: 'फॉर्म भरायचा राहिला, चूक माझी आहे.'

क्लार्कनी वाचलं. "हे कसलं कारण? 'आर्थिक अडचण' लिहा की."

मी तेही खाली लिहिलं. वरचं मात्र खोडलं नाही.

"प्राचार्य बाहेर आहेत. सोमवारी या."

"शेवटची तारीख शनिवार आहे ना, सर?"

"मग मी काय करू?" ते म्हणाले आणि त्यांनी अर्ज फाईलखाली सरकवला.

वडील जागचे हलले नाहीत. "साहेब, त्यावर शिक्का मारी द्या. आज अर्ज दिधा म्हनीसन."

क्लार्कनी कुरकुरत शिक्का मारला. मोबाईलवर मी त्याचा फोटो काढला. बाहेर येताना वडील म्हणाले, "सोमवारले नही. आपू शनवारलेच येऊत."