दादाच्या सिंथेसायझरवरचा गणपती

दादाच्या सिंथेसायझरने माझं डोकं पार फिरवलं होतं. माझ्या लग्नाच्याही आधीचं ते धूड. रोह्याहून पेणला माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आणायचं, बरं करायचं, वडखळचे खड्डे खात परत न्यायचं, की तिकडे पोचल्यावर हे मुकं!

माझा हा थोरला भाऊ हळदीच्या कार्यक्रमांत वाजवायचा. सनईसारखा एक आवाज त्याने स्वतः खपून त्यात बनवून ठेवला होता, दुसरीकडे कुठेच नाही असा. मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. आता परवावर त्याच्या मुलीची हळद आली होती. तिला बापाचाच आवाज हवा होता, वाजवणार मी. तो साठवलेली आतली चिप जळली असती तर तो आवाज कायमचा गेला असता.

पॉवर सप्लायमध्ये दोष होताच. पाच व्होल्टच्या जागी सहाच्या वर जात होते. रेग्युलेटर बदलला, फुगलेले कपॅसिटर बदलले. मीटरवर पाच म्हणजे पाच. माझ्या टेबलावर दिवसभर चाललं, काही कुरकुर नाही.

रोह्याला नेऊन लावलं. वहिनी म्हणाली, "भावजी, आता तरी चालंल ना वो?" सनई सुरू झाली, पोरगी दारात येऊन उभी राहिली. थोड्या वेळाने आवाज फाटला आणि बंद. असा संताप आला, वाटलं उचलून कुंडलिका नदीत फेकावं!

झाकण काढलं, चिपवर बोट ठेवलं तर चटका. उघडं ठेवून पुन्हा चालू केलं, तर शहाण्यासारखं चालायला लागलं. तेव्हा माझी ट्यूब पेटली. दुकानात मी ते उघडंच तपासत होतो. झाकणावर दादाने गणपतीचं मोठं स्टिकर लावलेलं. दरवेळी मी झाकण काढायचो, नमस्कार करायचो आणि उंचावर ठेवून द्यायचो. गरम हवा बाहेर जायच्या फटी नेमक्या त्या स्टिकरखाली होत्या. हात जोडले, पण नीट बघितलं नाही. कपाळ माझं!

"हे काढावं लागेल," मी म्हणालो.

"देवाला हात नाय लावायचा!" वहिनी कडाडली. "लग्नघर हाय."

"मग वाजवा टाळ्या हळदीला!" मीही ओरडलो. पोरगी रडायला लागली.

दादाने झाकण मांडीवर ओढून घेतलं आणि डाव्या हाताच्या नखाने हळूहळू स्टिकर सोडवलं. मधेच थोडं फाटलं, तेव्हा "माफ कर रे बाबा" म्हणाला.

"आता देवाला ठेवायचं कुठं?" वहिनीने विचारलं.

दादाने ते आपल्या लुळ्या उजव्या हातावर ठेवलं आणि डाव्या हाताने दाबून बसवलं.

"हितं," तो म्हणाला. "हितं जरा ऊब धरू दे."