तिसरा भाग मिसेस पॉकलींकडे

माझी भाची थर्झा अ‍ॅपलगार्थ हिने सहा कादंबऱ्या लिहिल्या, आणि सगळ्यांवर नाव छापलं ते गिल्बर्ट हॉर्न नावाच्या गृहस्थाचं. हा गृहस्थ स्केल्बीच्या पाद्रीबंगल्यात, जिन्याखालच्या कोठीत जॅमच्या बरण्यांशेजारी बसून लिहीत असे. बाईने लिहिलेल्या कादंबरीला माझ्या पाद्री भावाने, म्हणजे तिच्या बापाने, हात लावला नसता. मी त्याची विधवा बहीण डॉर्कस, त्याच्याच घरी राहणारी. त्यामुळे मला सगळं ठाऊक होतं आणि बोलायची सोय नव्हती.

हॉर्नवर मात्र भावाचा भारी जीव. जेवणं झाली की तो मोठ्याने वाचायचा आणि आम्ही दोघी शिवत ऐकायचो. "बघ थर्झा, याला म्हणतात पुरुषाची लेखणी!" थर्झा दोरा तोडायची.

एकदा तो म्हणाला, "दुसऱ्या भागात नदीला पूर उगाच आणलाय." आणलाच होता. आमच्याकडे कादंबरी तीन भागांची लागते, वाचनालयं त्याहून आखूड घेत नाहीत. गोष्ट दोन भागांत उरकली की पूर आणावा लागतो. थर्झा मान खाली घालून म्हणाली, "हो बाबा, उगाचच."

तिला एका जहाजावरच्या डॉक्टरने मागणी घातली होती. भाऊ म्हणाला, ईस्टर होऊ दे. ईस्टर झाला, पुढच्या वर्षीचाही झाला. डॉक्टर कॅनडाला गेला. भावाचा चहा वेळेवर येत राहिला. माझा नुसता जळफळाट व्हायचा, पण मी अन्न खात होते ते त्याचंच.

सहावी कादंबरी आली तेव्हा भाऊ अंथरुणाला खिळला होता आणि गावच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. गोष्ट होती एका गिरणीवाल्याच्या मुलीची. बाप तिला सोडत नाही आणि एक तरुण तिची वाट बघतोय. थर्झाने दोन भाग वाचून दाखवले. वाचनालय एकेक भाग सुटा देतं, आणि तिसरा होता बिअरच्या भट्टीवाल्याच्या बायकोकडे, मिसेस पॉकलींकडे. थर्झाकडे स्वतःची प्रत नव्हती. पार्सल घरी आलं तर टपालवाला गावभर करेल, म्हणून ती प्रती मागवतच नसे.

मी स्वतः पॉकलीबाईंकडे गेले. "अहो, माझा भाऊ शेवटच्या घटका मोजतोय."

"देईन ना! पण घाईने वाचलं की माझं डोकं चढतं हो."

मी हात हलवत परतले. थर्झा म्हणाली, "आत्या, मी आज बाबांना सांगणार. हॉर्न मीच म्हणून. एकदा तरी त्यांनी मला शाबास म्हणावं."

"सांग बाई. आता काय तुला घराबाहेर काढणार आहे तो?"

ती पलंगाशी बसली. "बाबा, शेवट मला माहीत आहे. पुस्तक मी लिहिलंय."

भाऊ हसला. इतका हसला की मला त्याला बार्लीचं पाणी पाजावं लागलं. "डॉर्कस, ऐकलंस? मला हसवायला बघतेय. गुणाची आहे गं पोरगी! बरं, हॉर्नसाहेब, सांगा शेवट. जाते का ती?"

हस्तलिखित छापायला जाण्याआधी मी कोठीत बसून तो शेवट वाचला होता. पोरगी जाते. थर्झाने बापाकडे बघितलं. "नाही बाबा. राहते. वडिलांजवळ."

भावाचं हसू मावळलं. "भलतंच! हॉर्न असलं रडकं लिहायचा नाही. तो बाप आपमतलबी आहे. पोरीच्या जन्माचं मातेरं केलंय त्याने. ती जाते. गेलीच पाहिजे!"

"जाते, बाबा," थर्झा म्हणाली.

"मग? मला काय कळत नाही?" त्याने समाधानाने डोळे मिटले. मला त्याची मान मुरगाळावीशी वाटली, आणि तो तर मरायलाच टेकला होता. मी खिडकीकडे तोंड करून रडले.

"थर्झा," तो डोळे न उघडता म्हणाला, "उशी नीट कर. आणि कुठे जाऊ नकोस."

थर्झाने उशी नीट केली आणि तिथेच बसून राहिली.