बेचाळिसावा कोट

समोरच्या टेलरताईंचं म्हणे साठीला टेकता टेकता बाहेर कुणावर तरी मन बसलंय, अशी बातमी मध्यंतरी आमच्या गल्लीत फिरत होती. त्या परपुरुषाची छाती, कंबर, खांदा, बाही, सगळं त्यांनी तीस वर्षं मापवहीत जपून ठेवलंय, आणि नवऱ्याचं मात्र त्या वहीत पानसुद्धा नाही. बातमी आतल्या गोटातली होती. म्हणजे मीच सोडली होती.

आता खरं काय ते सांगतो, नाहीतर आमची ही मला जेवायला वाढायची नाही. परपुरुषाचं पान आहे. मापंही आहेत. पण तो माणूस म्हणजे सिनेमातला हिरो, ज्याला सगळे ‘दादा’ म्हणतात तो. ताईंनी त्याला जन्मात कधी समोर पाहिलेलं नाही. पडद्यावर बघायचं आणि घरी येऊन माप लिहायचं, असं त्यांचं एकोणीस सिनेमे चाललेलं आहे. कारण ताई माप नजरेनंच घेतात. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याचा खांदा त्यांच्या डोक्यात लिहून झालेला असतो. टेप लावतात ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. मी एकदा पोट आत ओढून उभा राहिलो, तर म्हणाल्या, “सोडा श्वास. मी तुम्हाला रस्ता ओलांडतानाच मोजलंय.”

“पण मग काकांचं पान का नाही?” असं मी विचारलं होतं. काका म्हणजे ताईंचे यजमान. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून निवृत्त झाले आणि आता दुकानात बसून काजाच्या दोऱ्याची रिळं रंगवार लावतात.

“ह्यांचं माप लिहून कशाला ठेवायचं? रोज डोळ्यासमोर आहे.”

“डोळ्यासमोर म्हणजे, रोज अर्ध्या इंचानं वाढलं म्हणून ओरडते,” काका रिळातून मान वर न काढता म्हणाले. “तुमच्या दादावर नाही कधी ओरडली.”

ताईंचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशिनं, एक बेतायचं टेबल, भिंतीला खिळ्यांवर लटकलेले कच्चे कोट, आणि इस्त्रीचा वास. पुरुषांचे कोट हा त्यांचा हातखंडा. आणि त्यातच त्यांचं एक जुनं दुखणं होतं. दादाचा सिनेमा लागायचा तो नेमका घाईच्या दिवसांत. सगळी गल्ली पहिल्या दिवशी पहिला खेळ बघून यायची आणि कपडे न्यायला दुकानात उभं राहून अख्खी गोष्ट सांगून जायची. ताई बघायच्या दुसऱ्या आठवड्यात, मागच्या खुर्चीवरून. तोवर शेवटी कोण मरतं हेही पाठ झालेलं असायचं. “एकदा तरी मला गोष्ट कुणी न सांगता बघायचीय,” असं त्या म्हणायच्या, आणि मी लगेच त्यांना शेवट सांगायचो. काय करणार, स्वभाव.

मग हा मोठा सिनेमा जाहीर झाला. पाच वर्षं चित्रीकरण, आणि दादा त्यात एकाच माणसाचं विसाव्या वर्षापासून ऐंशीपर्यंतचं आयुष्य करणार. माणसं कामावर कमी आणि या सिनेमावर जास्त बोलायला लागली. तारीख दोनदा पुढे गेली. पहिल्यांदा बर्फाचे प्रसंग पुन्हा घ्यायचे म्हणून, दुसऱ्यांदा कुणालाच कळलं नाही कशासाठी. दादा म्हातारे झाले, दादा आजारी आहेत, सिनेमा डब्यात जाणार, असं लोक बोलू लागले. ताईंनी पेपरातला एक फोटो भिंगाखाली धरला आणि वहीत लिहिलं: छाती चाळीस होती, सव्वाअडतीस.

“पावणेदोन इंच उतरलाय हो,” त्या म्हणाल्या. “कोणीतरी नीट खायला घाला त्याला.” त्या दिवशी त्यांनी माझी चेष्टा चालू दिली नाही.

मग पोस्टर आलं. वादळात उभा दादा, चेहरा निम्मा मफलरमध्ये, निम्मा दाढीत, आणि अंगात घोट्यापर्यंतचा काळा कोट, सहा मोठी बटणं. आमच्या भागातल्या चाहत्यांच्या क्लबानं त्याच संध्याकाळी ठराव केला: पहिल्या खेळाला सगळ्यांनी तोच कोट घालायचा. क्लबाचे अध्यक्ष म्हणजे आमचा वायरमन. घरी बायकोसमोर आवाज फुटत नाही, म्हणून क्लबात त्याचा आवाज फार. त्यानं पुठ्ठ्यावर जाड अक्षरात नियम लिहून क्लबाच्या खोलीत टांगला: ‘पहिल्या दोन रांगा क्लबाच्या. कोट सिनेमातल्यासारखा असेल त्यालाच बसता येईल. नसेल त्याने उठावे.’ कुणी रेनकोट काळा रंगवून येऊ नये म्हणून हा बंदोबस्त.

दोन रांगांत खुर्च्या बेचाळीस. क्लबात माणसं एकेचाळीस. कोट शिवायचं काम ताईंकडे आलं तेव्हा त्यांनी शिलाईबद्दल अवाक्षर काढलं नाही. एवढंच म्हणाल्या, “ती उरलेली खुर्ची मला.”

अध्यक्षानं डोकं खाजवलं. “मावशी, आजवर क्लबात बाईमाणूस...”

“मी क्लबात येत नाही. खुर्चीत येते.”

ठरलं. आणि मग ताईंनी पोस्टर टेबलावर पसरलं, चष्मा पुसला, आणि हसायलाच लागल्या.

“अरे, हा फोटो उलटा छापलाय.”

त्यांचं म्हणणं साधं होतं. पुरुषाच्या कोटाला बटणं उजव्या बाजूला असतात आणि काजं डाव्या. बाईच्या कोटाला नेमकं त्याच्या उलट. दादाच्या अंगावरच्या कोटाची बटणं डाव्या बाजूला होती. छापणाऱ्यानं फोटो आरशातल्यासारखा फिरवून टाकला, दुसरं काय? गालावरचा तीळ बघून खात्री करावी तर तो मफलरखाली.

क्लबाला हे मुळीच पटेना. पुढचे आठ दिवस ताईंच्या दुकानात मशीन कमी आणि तोंडं जास्त चालली.

“दादा काही विचार केल्याशिवाय करत नाहीत,” गॅसचे मीटर वाचत हिंडणारा एक लांबुडका सभासद म्हणाला. “गोष्टीत ते डावरे असणार.”

“डावरा माणूस बटणं उलटी शिवून घेतो का रे? तुझा मेहुणा डावरा आहे, त्याचा सदरा मीच शिवते.”

“मग ते आरशातलं जग असेल! अख्खा सिनेमा आरशात!”

“तिकिटं पण उलटी छापतील मग,” काका रिळामागून म्हणाले.

अध्यक्षानं शेवटी टेबलावर हात ठेवला. “मावशी, आपल्याला अर्थ नको. पोस्टरबरहुकूम शिवा.”

ताईंचा चेहरा बदलला. मी खिडकीत उभा होतो, मला दिसलं. “हे बघ,” त्या म्हणाल्या, “चाळीस वर्षं या हातांनी पुरुषांचे कोट शिवलेत. एकेचाळीस बाप्ये माझ्या दुकानातून बायकी कोट घालून बाहेर पडले, तर लोक दादाला नाही हसणार, मला हसतील. जे बरोबर, तसेच मी शिवणार.”

“आणि सिनेमात उलटाच निघाला तर?”

“तर मी त्या खुर्चीवरून उठेन, उरलेला सिनेमा न बघता घरी येईन, आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस उसवायला बसेन. झालं?”

काकांच्या हातातलं एक रीळ गडगडत पार दाराशी गेलं. मी ही बातमी संध्याकाळपर्यंत चार गल्ल्यांत पोहोचवली, आणि यावेळी तिला मीठमसाला लावायचीसुद्धा गरज पडली नाही.

पुढचे दीड महिने ताई कोटांत बुडालेल्या होत्या. काळं कापड, काळा दोरा, काळं अस्तर. डोळे लाल झाले. झलक आली, तीत दादा पाठमोरा. दुसरी आली, तीत दादा घोड्यावर, आणि पुढून घोड्याची मान आडवी. अख्खा क्लब फोनवर चित्र थांबवून थांबवून बटणं शोधत होता. मीही शोधत होतो, ताईंसाठी. पण ते त्यांना सांगितलं नाही, लाडावल्या असत्या. एकदा दुपारी त्यांनीच विचारलं, “दिसलं का हो काही?” सहज विचारल्यासारखं. पण सुई बोटात थांबली होती.

“नाही ताई. घोडा मध्ये येतो.”

“येऊ दे,” म्हणाल्या, आणि टाका ओढला.

एकेचाळीस झाल्यावर कापड उरलं. त्यातून त्यांनी आपल्यासाठी एक बेतला, बाईच्या मापाचा, चार बोटं आखूड. तो शिवायला त्यांना एक रात्रही लागली नाही. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष कोट न्यायला आला, तो त्यावर नजर टाकून म्हणाला, “मावशी, तुमची उंची काही पोस्टरसारखी नाही.”

“दादाला सांगते थोडा बसका हो म्हणून.”

सिनेमाचा दिवस उजाडला. पहिलाच खेळ दुपारचा, बाहेर ऊन, आणि थिएटरच्या दारात एकेचाळीस माणसं घोट्यापर्यंत काळी. आतलं थंड हवेचं यंत्र नेमकं आदल्या दिवशी रुसलेलं. वायरमन असून अध्यक्षाला त्याला हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून तो जास्तच तापला होता. मीटरवाल्याच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम ठिबकत होता, पण एकानंही बटण काढलं नाही. ताई दुसऱ्या रांगेच्या टोकाला, बेचाळिसाव्या खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. परीक्षेला बसल्यासारख्या. काका, आमची ही आणि मी पार मागे.

दादा पडद्यावर आला आणि शिट्ट्यांनी छत हाललं. पण अंगात कोट नव्हता. साधा सदरा. पाऊण तास झाला तरी सदराच. पुढच्या दोन रांगांत चुळबुळ सुरू झाली. मग मध्यंतराच्या जरा आधी तो प्रसंग आला. गाव सोडून पळायची वेळ, बर्फाचा मारा, विशीतला दादा कुडकुडतोय. त्याची आई चालता चालता थांबते. आपल्या अंगातला लांब काळा कोट काढते, पोराच्या अंगात घालते, आणि गोठलेल्या बोटांनी एकेक बटण लावत जाते. सहा बटणं. कॅमेरा त्या बोटांवरच. बटणं डाव्या बाजूला.

आईचा कोट होता तो. पुढचं सगळं आयुष्य तो माणूस आईचा कोट घालून काढणार होता.

थिएटरात एक आवाज नाही. आणि त्या शांततेत दुसऱ्या रांगेच्या टोकाकडून, हळू, पण आम्हाला मागेपर्यंत ऐकू आलं, “अगं बाई.”

मी काकांकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते. “उठणार ती आता,” ते म्हणाले. “शब्द दिलाय ना.”

दिवे लागले. एकेचाळीस डोकी एकदम टोकाकडे वळली. ताई खरंच उठल्या होत्या, पिशवी काखेत मारून. डोळे ओले, मान मात्र ताठ. मी धावत पुढे गेलो. भांडण बघायला नाही हो, म्हणजे फक्त तेवढ्यासाठी नाही.

“मावशी, चुकलात,” अध्यक्ष म्हणाला. पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. त्याचेही डोळे लाल होते.

“चुकले. बाईचा कोट बाप्याच्या अंगात कशाला येईल, असं वाटलं मला. आई डोक्यातच आली नाही. उद्या सकाळपासून आणून टाका सगळे, उसवायला घेते.” आणि त्या वाटेतले गुडघे ओलांडायला लागल्या.

तेव्हा मीटरवाला ओरडला. आकडे वाचायचा धंदा त्याचा, बारीक बघायची सवय. “अध्यक्ष! मावशींच्या कोटाची बटणं बघा!”

सगळ्यांनी बघितली. ताईंनीही मान खाली घालून बघितली. स्वतःसाठी शिवला म्हणून तो त्यांनी बाईचा कोट शिवतात तसा शिवला होता, हाताला सवय असल्यासारखा, विचारही न करता. सहा बटणं, डाव्या बाजूला. अख्ख्या थिएटरात सिनेमातल्यासारखा कोट एकाच माणसाच्या अंगात होता.

अध्यक्षाचं तोंड उघडं पडलं. पुठ्ठ्यावरचा नियम त्याचा त्यानंच जाड अक्षरात लिहिलेला, आणि तो तिथल्या एकेचाळीस जणांना तोंडपाठ. लोक एकमेकांकडे बघायला लागले. काही जण तर खुर्चीच्या हातावर जोर देऊन अर्धे उठलेही. मागून कुणीतरी फोन काढून मध्यंतरानंतर म्हणे काय होतं, ते वाचायला लागलं होतं.

“मावशी,” अध्यक्ष घसा खाकरून म्हणाला, “नियमानं तर... आम्ही उठायला हवं. तुम्ही बसा.”

ताईंनी पिशवी खुर्चीखाली सरकवली, बसल्या, कोटाचा घोळ नीट सारखा केला आणि म्हणाल्या, “सगळे बसा गुपचूप. उसवायचं ते उद्या उसवू. आणि पुढे काय होतं हे ज्याला कळलं असेल, त्यानं तोंडाला टाका घालावा. मला माझं मी बघायचंय.”