पस्तीसपुरतं गणित

नववीच्या सहामाहीत गणिताच्या पेपरची वेळ संपायच्या आधीच माझी लेक घरी आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "झाला पेपर." मला वाटलं, बरं नाही की काय. तर तसं काही नाही. तिच्या ड तुकडीत सगळ्याच पोरी असं करतात. पास व्हायला पस्तीस लागतात, म्हणून चाळीस मार्कांचं सोडवायचं, त्यातले पाच सांडलवंडीला, की पेन खाली.

"आणि राहिलेलं?"

"ते अ तुकडीचं असतंय की. आमाला येत नसतंय."

रडून म्हणाली असती तर मी जवळ घेतलं असतं. पण आज नळाला पाणी नाही, असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं आणि पोह्यांची ताटली ओढून घेतली. माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी शाळा गाठली. गणिताच्या बाई फार गोड बोलल्या. "ताई, ड तुकडीचं आम्ही पासिंगपुरतंच करून घेतो. प्रमेयं वगैरे झेपत नाहीत त्यांना. उगाच टेन्शन कशाला?" पोरीला तोंडावर ढ म्हणणारी बाई मला परवडली असती, तिच्याशी भांडता तरी आलं असतं. हा गोडवा मात्र पोरीच्या अंगात पार मुरला होता.

"झेपत नाही, हे कधी करून बघितलंत?" मी विचारलं.

"अनुभव असतो, ताई."

असेल. तो मला तेव्हा मान्य नव्हता, आजही नाही.

घरी येऊन मी फर्मान काढलं. शेवटची घंटा झाल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही आणि एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

"आलं न्हाई तर?"

"चुकीचं लिही."

"बाई हसतील की."

"हसू देत."

ती दोन दिवस फुगून बसली. मग आम्ही स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूनं त्रिकोण काढून प्रमेयं करायला लागलो. मलाही ती धड येत नव्हती, आणि ते मी लपवलं नाही. दोघी मिळून पुस्तकावर चिडायचो.

वार्षिकच्या गणिताला तिच्या मैत्रिणी नेहमीसारख्या लवकर परतल्या. लेक आली ती घंटा झाल्यावर, तणतणतच. "चुकलं माझं. आकृती बरोबर काढली आणि शेवटी भलतीच बाजू घेतली. मला येत हुतं, मम्मी!" डोळ्यांत पाणी होतं.

आजवर गणितात तिचं असं काही चुकलंच नव्हतं. जे यायचं नाही ते दुसऱ्या तुकडीचं असायचं. मला इतका आनंद झाला की मी तशीच नव्या पेठेत गेले आणि गरम जिलेबी घेऊन आले.

शेजारच्या काकू दारातच होत्या. "पैला नंबर आला व्हय पोरीचा?"

"न्हाई, काकू," मी पुडा त्यांच्यापुढे धरला. "प्रमेय चुकलं तिचं. घ्या."