मी तपासलेलं नेमणूकपत्र

हसायचं नाही, हे आधीच सांगते! माझ्या हातून जे झालं ते पुण्यातल्या शाळामास्तरणीच्याच हातून होऊ शकतं. दुसऱ्या कुणाला जमायचंच नाही ते.

तेव्हा हिंजवडीत नवनवीन कंपन्या उगवत होत्या. मी नारायण पेठेतल्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. बारा वर्षं! आणि बारा वर्षं तासिका तत्त्वावर. म्हणजे मे महिना आला की बाई घरी. कायम नोकरी हे माझं एकच स्वप्न होतं हो, त्यासाठी मी कुठेही जायला तयार होते.

अशात एका झेक कंपनीत शिकवणी मिळाली. सहा झेक इंजिनिअर पुण्यात आलेले, त्यांचं इंग्रजी सुधारायचं. तीन महिने शिकवा, काम आवडलं तर पुढचं बघू, असं त्या सहांतलाच त्यांचा साहेब पावेल म्हणाला. हा पावेलही वर्गात बसायचा, अगदी शेवटच्या बाकावर.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग आलं 'गेट'. दाराचं नव्हे हो, क्रियापद! मिळणं म्हणजे गेट, आणणं म्हणजे गेट, पोचणं, समजणं, उठणं, म्हातारं होणं, सगळं गेट. त्यांच्याकडे म्हणे प्रत्येक कामाला वेगळा शब्द. सहाही जण रडकुंडीला आले.

"बाई, एका शब्दाला इतकी कामं? याला सुट्टी कधी?" पावेलने विचारलं. (बोलला इंग्रजीतच, पण 'बाई' मात्र मीच म्हणायला शिकवलं होतं.)

मी ऐकते होय! एकवीस अर्थ फळ्यावर लिहिले, वहीत उतरवून घेतले, पाठ करून घेतले. आणि शुक्रवारी गृहपाठ दिला: 'गेट' निदान पाच वेळा वापरून पत्र लिहा.

पुढच्या शुक्रवारी पाच जणांनी कागद दिले. पावेलने काही म्हणजे काही दिलं नाही. कधीच द्यायचा नाही तो! साहेब असेल आपल्या घरचा. मी डोळे वटारले. तेव्हा त्याने बॅगेतून पाकीट काढलं.

"बाई, घरी नीट वाचा. प्रत्येक पानावर सही करून सोमवारी द्या."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! उशिरा का होईना, गृहपाठ केला. आणि तोही टाइप करून. 'प्रत्येक पानावर सही', म्हणजे पोराला तपासणीची रीतही कळली!

रविवारी सकाळी पोह्यांची बशी बाजूला ठेवून लाल पेन उघडलं. पत्र मलाच लिहिलेलं. तुम्हाला जूनपासून कायम नोकरी मिळेल, तुम्हाला घरून आणायला गाडी येईल, तुम्हाला स्वतःची खोली मिळेल. ओळीओळीला 'गेट'! मी म्हटलं, वा रे पठ्ठ्या, पण लाडीगोडी लावतोस काय?

"अहो, हा पावेल बघा," मी यजमानांना हाक मारली, "बाईंना मस्का लावून गुण मागतोय!"

"मग दे की दोन जास्त," पेपरातून डोकं न काढता ते म्हणाले.

दोन जास्त? माझ्याकडे असलं काही चालत नाही. 'कायम' खोडून वर लिहिलं 'सहा महिने', समासात शेरा: 'वाक्य व्यवहाराला धरून असावे.' गाडी खोडली: 'शिक्षिका बसने येऊ शकतात.' खोली खोडली: 'अनावश्यक.' आणि शाळेत आम्हाला शिस्तच ती, प्रत्येक खाडाखोडीपाशी छोटी सही. शेवटी मोठी सही, तारखेसकट.

सोमवारी पावेलने पत्र घेतलं, वाचलं आणि चक्क उभा राहिला. दोन्ही हातांनी माझा हात धरला. डोळ्यांत पाणी! मला वाटलं, गृहपाठ लागला जिव्हारी.

मंगळवारी मला एचआरमध्ये बोलावलं. तिथे दामले नावाचे सदाशिव पेठी गृहस्थ, चष्म्यावरून बघणारे. शेजारी पावेल, अजून भारावलेला.

"या बाई," दामले म्हणाले. "जास्त मागणारे रोज येतात. दिलेलं खोडून परत करणारं आमच्याकडे पहिलंच गिऱ्हाईक."

"म्हणजे?"

"म्हणजे हे तुमचं नेमणूकपत्र."

माझ्या पायाखालची फरशी सरकली! "अहो, तो गृहपाठ होता!"

"गृहपाठ? कंपनीच्या कागदावर? शिक्क्यासकट?"

शिक्का! तो मी बघितलाच होता की. पानाच्या स्वच्छतेचा अर्धा गुण कापला होता त्यापायी.

पावेल गहिवरून म्हणाला, "आमच्याकडे इतकी साधी माणसं राहिली नाहीत. मी कालच हेड ऑफिसला फॅक्स केला. त्यांनी तुमच्या सगळ्या अटी आनंदाने मान्य केल्या."

"पण मला कायमच हवं होतं हो!" मी जवळजवळ ओरडलेच. "बारा वर्षं वाट बघतेय!"

पावेलचा चेहरा पडला. बिचारा दामल्यांकडे बघू लागला.

"आता सहा महिन्यांनी," दामले शांतपणे म्हणाले. "प्रत्येक खाडाखोडीपाशी तुमची सही आहे बाई. इतका चोख कागद मी उभ्या नोकरीत पाहिला नाही." मग त्यांनी चष्मा वर सरकवला. "एक शंका. शेवटी दहापैकी चार लिहिलंय. हे गुण कुणाचे?"

पावेलने शेवटच्या बाकावरच्या मुलासारखा हळूच हात वर केला.

मी तो खाली घेतला. म्हटलं, "राहू दे रे. ते माझे आहेत. आणि तेही जरा सढळ हातानेच पडलेत."